पांढरी पाच, जराशी चढी

नोकरीभर टर्बाइनच्या आवाजात राहिलेल्या माणसाला निवृत्तीनंतर कुणी पॉवर स्टेशनच्या आवाजांचा अल्बम ऐकायला दिला, तर तो काय म्हणेल? मी म्हणालो, "अरे, हे ऐकायचा पगार मिळायचा मला." भाचा हसला नाही. तो पुण्यात जाहिरातींचं साउंड मिक्सिंग करतो आणि या विषयात त्याला विनोद चालत नाहीत. "मामा, मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. हेडफोन घाला, दिवे घालवा आणि मध्येच उठू नका," असं बजावून त्यानं लिंक पाठवली.

अल्बमचं नाव 'चेर्नोबिल'. युक्रेनमधल्या 1986 च्या अणुभट्टी अपघातावरची, याच नावाची पाच भागांची मालिका 2019 च्या मे-जूनमध्ये आली होती, तिचं हे संगीत. करणारी हिल्डुर गुडनाडोटिर, आइसलंडची, मूळची चेलोवादक, राहते बर्लिनला. त्याच वर्षी तिनं 'जोकर'चंही संगीत केलं आणि 2020 मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्यात चेलो आहे, धरून ठेवता येईल असा सूर आहे. 'चेर्नोबिल'मध्ये वाद्यच नाही. म्हणजे व्हायोलिन, पियानो, ढोल, काही नाही. आहे ते एका अणुवीज केंद्रातून ध्वनिमुद्रित करून आणलेले आवाज आणि तिचा स्वतःचा गळा.

ते केंद्र लिथुआनियातलं, इग्नालिना. चेर्नोबिलच्याच जातकुळीतल्या, आरबीएमके पद्धतीच्या दोन अणुभट्ट्या तिथं होत्या. युरोपीय संघात यायचं तर या भट्ट्या बंद करा, अशी अट लिथुआनियाला घातली गेली. त्यातली पहिली 2004 च्या शेवटच्या दिवशी बंद झाली, दुसरी 2009 च्या शेवटच्या दिवशी. तेव्हापासून केंद्र मोडीत काढायचं काम चाललंय. मालिकेचं काही चित्रीकरणही तिथंच झालं. चित्रीकरणाआधी ही बाई संरक्षक सूट चढवून आत गेली. बरोबर सॅम स्लेटर नावाचा तिचा सहकारी आणि क्रिस वॉटसन. वॉटसन हा माणूस ब्रिटनमधला नावाजलेला ध्वनिमुद्रक. पूर्वी शेफिल्डच्या कॅबरे व्होल्टेअर या बँडच्या संस्थापकांपैकी एक, नंतर डेव्हिड अ‍ॅटनबरोंच्या निसर्गपटांसाठी पक्ष्या-प्राण्यांचे आवाज टिपणारा. ज्या कानानं पक्षी टिपायचे त्याच कानानं त्यानं तिथले पंप आणि दारं टिपली. मला ही गोष्ट फार आवडली, कारण आमच्याकडे मशीनचा आवाज 'ऐकायला' माणूस येतो तो फक्त मशीन बिघडल्यावर.

अल्बम जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे. पहिल्या तुकड्याचं नाव 'द डोअर'. मी दिवे घालवले, हिनं टीव्ही बंद केला (त्याबद्दल नंतर बोलणी खाल्ली) आणि डोळे मिटून बसलो. कानात खालून एक गुंजारव सुरू झाला. चाल नाही, ताल म्हणावा तर तोही नाही. मध्येच धातूवर धातू घासल्यासारखं काहीतरी. आणि काय झालं सांगू? माझं डोकं आपोआप कामाला लागलं. हा आवाज बेअरिंगचा का? पत्रा सैल आहे का कुठं? हवा कुठून ओढली जातेय? संगीत ऐकायला बसलेला माणूस फॉल्ट शोधायला लागला.

आधी मला वाटलं ही माझी खोड. सवय जाता जात नाही. पण अल्बम पुढं जाऊ लागला तसं कळलं की बाईंना हेच हवंय. सिनेमातलं भीतीचं संगीत आपल्याला सांगतं, 'आता घाबर.' तंतुवाद्यं किंचाळतात, मग भूत येतं. इथं तसं सांगणारं कुणी नाही. आवाज चालू आहे, तो बरोबर आहे का चूक हे तुम्हाला माहीत नाही, आणि कान काढून घ्यायची सोय नाही. रात्रपाळीच्या ऑपरेटरची नेमकी हीच अवस्था असते.

आता थोडं आमच्या धंद्यातलं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं औष्णिक केंद्र. तिथले सेट, म्हणजे टर्बाइन-जनरेटरच्या जोड्या, 210 मेगावॅटचे. बनवलेले भेल या सरकारी कंपनीनं, पण डिझाइन लेनिनग्राडच्या मेटल वर्क्सचं. आमच्याकडे सगळे त्याला 'एलएमडब्ल्यू सेट' म्हणायचे. जुन्या लोकांच्या हातात रशियनवरून भाषांतर केलेली मॅन्युअलं असायची. या सेटचा रोटर, म्हणजे फिरता भाग, मिनिटाला 3000 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 50. म्हणून आपल्या विजेची फ्रीक्वेन्सी 50 हर्ट्झ. लिथुआनियातही तीच, युक्रेनमध्येही तीच. ट्रान्सफॉर्मरचा गाभा विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा ताणतो-आखडतो, त्यामुळे त्याची गुणगुण सेकंदाला 100 कंपनांची. पेटीवाल्यांसाठी सांगतो, खर्जातली पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, 98 च्या आसपास येते. म्हणजे आमचा स्विचयार्ड, ट्रान्सफॉर्मर असतात ते आवार, दिवसरात्र पांढरी पाच धरून बसलेला असायचा, जराशी चढी.

आणि ही पट्टी हलायची. नव्वदच्या दशकात ग्रिडला आजच्यासारखी शिस्त नव्हती. संध्याकाळी मागणी चढली की फ्रीक्वेन्सी घसरायची. 49 ला आली की पांढरी पाच अगदी मिळून यायची, आणि 48.5 च्या खाली गेली की सूर उतरलेला स्पष्ट कळायचा. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो म्हणून मला कळायचा असं नाही. ज्यांना सा आणि रे मधला फरक सांगता येणार नाही असे आमचे टेक्निशियनही मीटर न बघता म्हणायचे, "साहेब, ग्रिड पडली." मग कळव्याच्या लोड डिस्पॅचचा, म्हणजे कुणी किती वीज बनवायची ते ठरवणाऱ्या केंद्राचा, फोन यायचाच.

दुसरं म्हणजे कानाला लावायचा दांडा. बेअरिंगच्या टोपीवर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची. बाहेर टर्बाइन फ्लोअरवर एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागतं, पण दांड्यातून मात्र फक्त ते एक बेअरिंग बोलतं. बाकी जग बंद. बेअरिंग चांगलं असेल तर तेलातली सलग सळसळ. बॉयलरला पाणी देणाऱ्या फीड पंपाच्या आत पाण्याचे बुडबुडे फुटायला लागले तर आत कुणी खडी ढवळतंय असा आवाज. पुढं व्हायब्रेशनची डिजिटल उपकरणं आली, आकडे स्क्रीनवर दिसू लागले, तरी शिफ्ट घेताना जुनी माणसं दांडा घेऊनच फिरायची. हेडफोन लावून हा अल्बम ऐकताना मला सारखा तो दांडा आठवत होता, कारण मुद्रणाची पद्धत बहुधा तीच आहे. मैफलीतलं मुद्रण दुरून, अंगणात बसून केल्यासारखं वाटतं. इथं कान थेट लोखंडाला लावलाय.

आणि तिसरी गोष्ट, वाफेची. बॉयलरमधून टर्बाइनकडे जाणारी मुख्य वाफ 540 अंशांची असते आणि ती दिसत नाही. चहाच्या किटलीतून दिसते ती वाफ थंड होऊन तिचे थेंब झाल्यावर दिसते. जास्त दाबाच्या लाइनला बारीक भोक पडलं तर दिसत काही नाही, फक्त कर्कश शीळ ऐकू येते, आणि त्या शिळेच्या आड हात गेला तर हात जातो. म्हणून जुने लोक बांबूच्या टोकाला चिंधी बांधून ती पुढं धरत चालायचे. चिंधी फडफडली की थांबायचं. आमच्या कामातला सगळ्यात मोठा धोका असा डोळ्यांना न दिसणारा होता, पण निदान तो आवाज करायचा.

किरणोत्सर्ग तेवढंही करत नाही. सिनेमात त्याच्या नावानं जी तडतड ऐकवतात ती मोजणाऱ्या यंत्राची असते. म्हणजे हिल्डुर बाईंपुढचा प्रश्न असा होता की ज्याला रूप नाही, वास नाही, आवाज नाही, त्याला तीनशेहून जास्त मिनिटांच्या मालिकेत हजर कसं ठेवायचं. त्यांनी ते सोपवलं इमारतीवर. भिंती, पाइप, दारं, पोकळ्या बोलत राहतात, आणि काहीतरी आहे एवढंच आपल्याला कळत राहतं.

भाच्यानं यातली एक तांत्रिक गोष्ट समजावून सांगितली, ती मला मोठी गमतीची वाटली. एखाद्या मोठ्या हॉलमध्ये एकच तीव्र आवाज काढायचा आणि तो विरेपर्यंतचा सगळा घुमारा टिपायचा. त्या घुमाऱ्यात हॉलची लांबी-रुंदी, छताची उंची, पत्रा किती, काँक्रीट किती, सगळं उतरतं. मग संगणकावर तुम्ही कुठलाही आवाज घ्या, तो त्या हॉलमध्ये उभं राहून काढल्यासारखा ऐकू येतो. इग्नालिनातल्या जागांची अशी मापं त्यांनी घेतली आणि बाईंचा गळा त्यात नेऊन उभा केला. त्यामुळे 'ब्रिज ऑफ डेथ'मध्ये बाईचा आवाज येतो तेव्हा तो गाण्यातल्या बाईसारखा येत नाही. शब्द नाहीत, श्वास कुठं घेतला ते कळत नाही, आणि भोवती माणसासाठी न बांधलेली जागा आहे. (त्या पुलाची गोष्ट, म्हणजे त्या रात्री तिथून आग बघणारे सगळे मेले, ही बरीचशी दंतकथा आहे, त्याला पुरावा सापडत नाही. मालिकेनं ती जशीच्या तशी घेतली. संगीतापुरतं मला त्याचं काही वाटत नाही.)

तिसऱ्या तुकड्याचं नाव 'टर्बाइन हॉल'. माझी परीक्षा इथं होती. नाव वाचून मी तयारीत बसलो होतो की आता 3000 फेऱ्यांची ती भिंत अंगावर येणार. तसं काही झालं नाही. होणारही नव्हतं, कारण त्यांनी मुद्रण केलं तेव्हा तिथल्या टर्बाइन बंद होऊन वर्षं लोटली होती. हा थांबलेल्या टर्बाइन हॉलचा आवाज आहे.

थांबलेला टर्बाइन हॉल मी ऐकलाय. युनिट ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं, की आधी वाफेचे व्हॉल्व्ह आपटून बंद होतात, मग रोटर नुसत्या जडत्वावर फिरत राहतो. त्याचा सूर उतरत जातो, एकही पायरी न घेता, वीस-पंचवीस मिनिटांची एकच मींड. मध्ये क्रिटिकल स्पीड, म्हणजे रोटर सगळ्यात जास्त थरथरतो तो वेग, येतो तेव्हा पायाखालची जमीन थरथरते आणि सगळे हातातलं काम सोडून व्हायब्रेशनकडे बघतात. ते ओलांडलं की पुन्हा उतरण. शेवटी बारिंग गिअर लागतो आणि तापलेला रोटर वाकू नये म्हणून त्याला मिनिटाला तीन-चार फेरे देत राहतो. ती बारिंगची गुरगुर, लांब कुठं तेलपंप, आणि एरवी ऐकूच न येणारी इमारत. पत्रे थंड होताना कडकडतात. कबुतरं असतात हे तेव्हाच कळतं. नवीन पोरांना हॉल चालू असताना भीती वाटते. जुन्यांना तो गप्प झाल्यावर वाटते.

आता जो मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही तो हा, की चेर्नोबिलचा अपघात या उतरणीच्याच चाचणीत झाला. पुष्कळांना वाटतं तिथं काही गूढ अणुप्रयोग चालला होता. प्रश्न अगदी आमच्यातला होता. बाहेरची वीज गेली तर अणुभट्टीला पाणी फिरवणारे पंप बंद पडणार. डिझेल जनरेटर पूर्ण ताकदीला यायला मिनिटभर लागतं. मग त्या मधल्या वेळात, नुसत्या जडत्वावर फिरणाऱ्या टर्बाइनकडून पंपांपुरती वीज मिळेल का? 25 एप्रिल 1986 ला दिवसाढवळ्या ही चाचणी व्हायची होती. दुपारी कीव्हच्या लोड डिस्पॅचनं सांगितलं, लोड कमी करू नका, वीज हवी आहे. ती परवानगी रात्री अकरा वाजून गेल्यावर मिळाली, आणि काम येऊन पडलं रात्रपाळीवर. कळव्याच्या फोनमुळे आमची किती शटडाउनं पुढं ढकलली गेली असतील याचा हिशेब नाही, त्यामुळे मालिकेतला हा प्रसंग मी जरा जास्तच जवळून पाहिला.

रात्री 1 वाजून 23 मिनिटं 4 सेकंदांनी आठ नंबरच्या टर्बाइनची वाफ तोडली. आठ मुख्य पंपांपैकी चार त्या उतरत्या टर्बाइनवर होते. तिचा वेग पडू लागला, पंपांचा पडू लागला, पाणी कमी झालं. 36 सेकंदांनी भट्टी बंद करायचं बटण दाबलं गेलं, आणि त्या डिझाइनमधल्या दोषामुळे त्यानं काही क्षण उलटंच काम केलं. म्हणजे त्या रात्री कंट्रोल रूममध्ये असलेल्यांनी शेवटी जे ऐकलं असेल, ते टर्बाइनचा उतरत जाणारा सूर. फार नाही, 36 सेकंदांत जेवढा उतरेल तेवढा. अल्बममध्ये असा सूर मी शोधला. खालून वर, वरून खाली असे लांबलचक घसरते आवाज बरेच आहेत. बाईंनी ते मुद्दाम तिथून घेतले का हे त्यांनाच ठाऊक. माझ्या कानानं मात्र ते तिथंच नेऊन जोडले.

पाचवा तुकडा 'पंप रूम'. अल्बममधला मला सगळ्यात जास्त भावलेला हा. इथं प्रथमच ठोका येतो, जड, एकाच जागी पडत राहणारा. पंपाच्या माणसाला तो ठोका बरोबर वाटत नाही. पंप असे ठोके देत नाही, दिले तर तो बंद करावा लागतो! पण मनात जो चालतो तो असाच चालतो. चेर्नोबिलला उत्तरेकडच्या पंपघरात त्या रात्री वालेरी खोदेमचुक हा सिनिअर ऑपरेटर ड्यूटीवर होता. अपघातातला पहिला बळी तोच. त्याचा देह सापडला नाही. चार नंबरच्या भट्टीच्या ढिगाऱ्यातच तो आजही आहे. शास्त्रज्ञांची, मंत्र्यांची नावं सगळ्यांना पाठ झाली, आणि पंपावरच्या माणसाचं नाव मला हा तुकडा ऐकल्यावर मुद्दाम शोधावं लागलं. आमच्याकडे पंपावरच्या माणसाला कंट्रोल रूममधून फोन जातो, "काय परिस्थिती?" तो म्हणतो, "नॉर्मल." शिफ्टभराचं संभाषण एवढंच. हा तुकडा चालू असताना मला तो फोन वाजतोय असं वाटत राहतं.

पुढच्या एका तुकड्याचं नाव आहे 'वेटिंग फॉर द इंजिनिअर'. हे वाचून मी अंधारात एकटाच मोठ्यानं हसलो. इंजिनिअरची वाट बघणं हा औष्णिक केंद्रातला सगळ्यात जुना उद्योग आहे, आणि त्याला कुणी संगीत देईल असं वाटलं नव्हतं. रात्री तीनला परमिटवर सही हवी असते, साहेब क्वार्टरवरून निघालेले असतात, आणि सगळी गँग हातात स्पॅनर घेऊन उकिडवी बसलेली असते. बाईंनी मात्र त्यात चेष्टा ठेवलेली नाही. पुढं सरकत नाही आणि संपतही नाही, असा तो तुकडा आहे. 'कॉरिडॉर्स', 'गॅलरी' हेही त्याच जातीचे. खरं सांगायचं तर या मधल्या भागात माझं लक्ष थोडं ढळलं. मालिकेतल्या दृश्यांखाली ते चोख बसतात. नुसते ऐकायला घेतले तर एकातला दुसऱ्यात मिसळून जातो. अल्बम म्हणून पाच-सात मिनिटं कमी चालली असती.

आणि एक तक्रार. चौथा तुकडा, 'विचनाया पाम्यात', हे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचं अंत्यविधीचं गाणं, ल्विव्ह शहरातल्या होमिन गायकवृंदानं गायलेलं. मालिकेच्या अगदी शेवटी, खऱ्या माणसांचे फोटो येतात तिथं ते वाजतं, आणि तिथं माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण अल्बममध्ये ते टर्बाइन हॉल आणि पंप रूम यांच्या मधोमध घातलंय. लोखंडात कान घालून बसलेल्या माणसाला एकदम माणसं भेटतात, सुरात, शब्दांत, समूहानं. दांडा बेअरिंगवरून काढून घेतल्यासारखं झालं मला. भाच्याचं म्हणणं, ते हवंच, नाहीतर दम कोंडतो. मी म्हणतो, कोंडू दे ना. यावर आमची फोनवर चांगली जुंपली. शेवटी तो म्हणाला, "मामा, तुम्ही कीर्तनात चक्रीभजन आल्याशिवाय उठत नाही, आणि इथं चार मिनिटं माणसं गायली तर चालत नाहीत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण मत बदललेलं नाही.

त्याच फोनवर आणखी एक कळलं. तो म्हणाला, शेवटच्या 'लिदुर'मध्ये आणि त्याआधीही दोन-तीन ठिकाणी वर एक अगदी बारीक, काचेवर नख फिरवल्यासारखा आवाज आहे, तो ऐकलात का? नाही. पुन्हा लावला, आवाज वाढवला, नाही. मला त्यात ऐकू येतो तो फक्त बाईंचा गळा, थरावर थर चढत गेलेला, आणि सगळ्या अल्बममध्ये तोच एक तुकडा असा की जो हिनंही कामं बाजूला ठेवून ऐकला. पण भाचा म्हणतो ते माझ्यासाठी तिथं नाहीच. निवृत्तीच्या वेळी केलेल्या ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे कानाच्या तपासणीच्या, कागदावर 4000 हर्ट्झला खड्डा आहे. आमच्या खात्यात जवळपास प्रत्येकाच्या कागदावर तो असतोच. टर्बाइन फ्लोअरवरचा आवाज 90 डेसिबलच्या वर, आणि सतत मोठ्या आवाजात राहिलेल्या कानाचा ऱ्हास बहुधा तिथूनच सुरू होतो. पक्ष्यांचे बारीक आवाज, कुकरची शीळ सुरू होण्याआधीची सीं, नातीची कुजबुज, हे सगळं त्या खड्ड्यात जातं. तेव्हा मी ऐकलेला अल्बम आणि भाच्यानं ऐकलेला अल्बम हे दोन वेगळे अल्बम आहेत. माझ्यातला वरचा थर एका वीज केंद्रानं आधीच काढून घेतलाय. खालची पांढरी पाच मात्र मला त्याच्यापेक्षा जास्त कळते, हे मी त्याला ऐकवून दाखवलं.

ज्यांना ऐकायचाय त्यांना दोन गोष्टी सांगतो. स्वस्तातला असला तरी कान झाकणारा हेडफोन घ्या. खालचे सूर मोबाइलमधून येतच नाहीत आणि मग नुसती खरखर ऐकून तुम्ही मला शिव्या द्याल. आणि मालिका बघितली नसेल तर आधी अल्बम ऐका. चित्रं डोक्यात बसली की आवाज त्यांचा नोकर होतो.

माझा कान आता वॉटसनकडे लागलाय. या माणसानं मेक्सिकोतल्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या, आता प्रवाशांसाठी बंद पडलेल्या रेल्वेच्या आवाजांचा एक अल्बम 2011 मध्ये काढला होता, 'एल त्रेन फान्तास्मा'. त्यावर लिहायला मी योग्य माणूस नाही. मेव्हणा भुसावळला लोकोवर होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "इलेक्ट्रिक असेल तर राहू दे, डिझेल असेल तर पाठव." डिझेल आहे. पाठवून दिलाय.